गोरज मुहूर्त आणि माझे व्याही

संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत माझ्या व्याह्यांइतका निरुपयोगी यजमान उभ्या हुबळी-धारवाडात सापडणार नाही. त्या वेळेत त्यांच्या धारवाडच्या घरी मिक्सर, गीझर, इस्त्री, पाण्याचा पंप, सगळं मुकं असतं. मुलगी बघायला आम्ही नवनगरहून नेमके सातला पोचलो, तर दिवाणखान्यात एकच दिवा, चटणी दुपारी वाटलेली, आणि माझ्या मुलाला पहिला प्रश्न, "फोन चार्ज करून आणलाय ना?" मुलानं निमूट मान डोलावली. मुलगी खुदकन हसली. माझ्या मते लग्न तिथंच ठरलं.

या हट्टामागे कारण होतं. सगळी नोकरी त्यांनी कोळशाच्या वीजकेंद्रात केली. "दुपारी उन्हाची वीज उतू जाते, विहीणबाई," ते सांगत. "तेव्हा कपडे धुवा, टाकी भरा, काय दळायचं ते दळा. ऊन गेलं की सगळं गाव एकदम बटणं दाबतं. तेवढ्यासाठी आम्ही भट्टीत आणखी कोळसा लोटायचो. राख उडायची शेजारच्या खेड्यातल्या वाळवणावर. बायका भांडायच्या नाहीत हो, नुसते पापड झटकायच्या." तेव्हापासून माझं वॉशिंग मशीन दुपारी चालतं.

पण लग्नाचं घोडं याच हट्टापाशी अडलं. मुलगा महिनाअखेरीस परदेशी नोकरीवर निघणार, तिला सोबत नेणार, आणि त्याआधी भटजींना एकच मुहूर्त सापडला, गोरज. व्याही उखडले. "ऐन सांजेला? एसी, माळा, बँड! कोळसा जाळून अक्षता टाकायच्या? पुढच्या वर्षी बघू."

"मग मी पळून जाते, अप्पा," मुलगी शांतपणे म्हणाली. "भर दुपारी जाईन. तुमच्या विजेला त्रास नको."

मी लगेच मध्ये पडले. मुहूर्त गोरजच, पण कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या अंगणात, दिव्यांशिवाय. जेवणावळी दुपारीच उरकल्या. आधी जेवण आणि मग लग्न, त्यामुळे निम्मं वऱ्हाड मंगलाष्टकांना पेंगत होतं आणि भटजी मावळत्या उन्हाशी शर्यत लावत होते. अक्षता पडल्या तेव्हा माणसांचे चेहरे जेमतेम दिसत होते. व्याही विजयी मुद्रेनं सगळ्यांना नमस्कार करत हिंडत होते.

बाकीचे विधी होईपर्यंत अंधार पडला. निघताना मुलगी पाया पडायला वाकली, उठली. व्याही डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिले. काही दिसेना. मग ते कार्यालयाच्या वायरमनवर एकदम कानडीत ओरडले, "हाक्री, एल्ला लाइट हाक्री!"

कार्यालयातले, अंगणातले, फाटकावरचे, सगळे दिवे भक्कन लागले. व्याह्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मुलं पुढच्या गाडीत बसली, मी मागच्या. वळणावर मागं बघितलं, तर अंगण रिकामं झालं होतं आणि व्याही एकटेच फाटकाशी उभे होते. दिवे सगळे चालूच होते.