मेनस्विच मावशी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पंचवटीतल्या आमच्या चार मजली इमारतीत लाइट कधी जावी हे वादळवारं ठरवत असे. पण ती घराघरांत परत कधी यावी, हे ठरवण्याचा अधिकार तळमजल्यावरच्या मेनस्विच मावशींना होता. त्यांचं खरं नाव मतदारयादीत असेल. मीटरखोलीची किल्ली मात्र कायम त्यांच्या कमरेला असायची.

लाइट गेली की आम्ही मेणबत्त्या शोधायचो आणि मावशी जिना चढायच्या. गुडघे दुखत असूनही त्यांना एका जागी बसवत नसे. प्रत्येक दारावर थाप आणि एकच फर्मान: "एक दिवा ठेवा, बाकी समदं बंद करा." दहा मिनिटांनी दुसरी फेरी, कारण पहिल्या फेरीत आपल्याला थापा मारल्या गेल्या याची त्यांना खात्री असे. माझ्या बाबतीत ती सार्थ होती.

हा ध्यास त्यांनी मखमलाबादच्या मळ्यातून आणला होता. तिथं प्रत्येकाने विहिरीवरच्या मोटारीला ऑटो लावलेला, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू. "समद्या मोटारी येकदम उठल्या आन् डीपीवरचा ट्रान्सफार्मर जळाला," मावशी सांगायच्या. "आठ दिस पाणी नाय. मेथी उभ्या उभ्या वाळली. लाइट जाती तवा काय बिघडत नाय भाऊ, येती तवा बिघडतं."

मला हे फार करमणुकीचं वाटे, त्या मे महिन्यातल्या वादळापर्यंत.

दुपारी तीनला अंधारून आलं, वाऱ्याने समोरच्या दुकानाचे पत्रे उचलले आणि लाइट गेली. बायको कळवणला माहेरी गेलेली, त्यामुळे शेंगदाण्याची चटणी माझ्या हाती होती. थांबलेल्या मिक्सरचं झाकण काढलं आणि तसाच खिडक्या लावायला धावलो. तेवढ्यात दारावर थाप.

"केलं का समदं बंद?"

"सगळं बंद, मावशी."

"शपथ?"

"शपथ," मी म्हणालो. मला घाई होती.

सकाळ झाली तरी लाइट नव्हती आणि माझी करमणूक संपली होती. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर ऑक्सिजनच्या मशीनवर असत. आता त्यांना राखीव सिलिंडर लावला होता आणि त्याचा काटा लाल पट्टीकडे सरकत होता. नवा सिलिंडर दुपारनंतर, असा दुकानदाराचा निरोप. दवाखान्यात न्यावं तर गल्लीच्या तोंडाशी झाड आडवं. आम्ही सगळे जिन्यात नुसते वरखाली करत होतो. कुणी काटा बघून येई, कुणी रस्ता.

दहाच्या सुमारास वायरमन चालतच आला. चिखलात बरबटलेला, रात्रभर न झोपलेला. "फ्यूज बांधतो," तो म्हणाला, "पण एकदम लोड आला तर पुन्हा उडेल. मग मी संध्याकाळीच येणार, सांगून ठेवतो."

मावशींनी त्याला हातानेच थांबवलं, मीटरखोली उघडली आणि एकेका घराचा मेनस्विच खटाखट खाली पाडला. मास्तरांचा तेवढा वर ठेवला.

"मावशी, आम्ही बंद केलंय की," मी दुखावल्या सुरात म्हणालो.

"तू गप."

फ्यूज बसला. वरून मास्तरांच्या सुनेचा आवाज आला, "मशीन सुरू झालं." कालपासून पहिल्यांदाच मावशी पायरीवर टेकल्या. मग उठून एकेक घर चालू करू लागल्या, मधे थांबत, कानोसा घेत. माझा स्विच वर गेला आणि पहिल्या मजल्यावर मिक्सर गरजला. झाकणाविना. पाठोपाठ एसी. गीझर बोलत नाही म्हणून तेवढा वाचला.

मावशींनी सावकाश माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोलाया लाइट लागत नाय, व्हय ना भाऊ?"

चटणीचे डाग अजून छताला आहेत. मावशी गेल्या हिवाळ्यात गेल्या. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा माझ्या दारात आला, हातात मीटरखोलीची किल्ली. "आईनं सांगून ठेवलं होतं, ही त्या चटणीवाल्याला द्या. कोण खोटं बोलतंय ते त्याला बरोबर कळंल."

परवाच्या वादळात लाइट गेली आणि मी घरात बसू शकलो नाही. दारं ठोठावत दुसऱ्या मजल्यावर पोचलो. नाकात नळी घेऊन मास्तर स्वतःच दारात उभे. मी भारदस्त आवाज काढला, "एक दिवा ठेवा, बाकी समदं..."

मास्तर म्हणाले, "आधी तुझा मिक्सर बघून ये."