या नावाचे कोणी नाही

फोन दुपारी आला. माधवच्या ऑफिसातले शुक्लाजी बोलत होते. "दीदी, माधवजी नहीं रहे." मी नुकती शाळेतून आले होते, डोकं तापलेलंच. म्हटलं, "नहीं रहे माने? कहाँ गए? टिफिन लेकर तो निकले थे!" पलीकडे तो माणूस रडायला लागला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा धाकटा भाऊ कामावरच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता...

महिना होत आला, पण माझा राग काही जात नाही. त्यात परवा इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस येऊन गेले. म्हणाले, "ताई, वेबसाइटवरून माधवरावांचं नाव आता काढायला हवं. ते तुमच्याशिवाय कोणाला येतं?" खरंच आहे. माधवने मला जबरदस्तीने शिकवून ठेवलं होतं.

ती वेबसाइट म्हणजे त्याचंच खूळ. बनारसमधल्या मराठी घरांची नावं नि पत्ते त्याने कॉम्प्युटरमध्ये भरले होते. महाराष्ट्रातून कोणी निघालं, की आपलं माणूस इथे कुठल्या घाटाशी राहतं ते तिथे बसून शोधता यावं. नाव टाइप करा, पत्ता बघा. आणि नाव सापडलं नाही तर? तर पान पांढरं फटक! लोकांना वाटायचं मशीन बिघडलं, की लावला आमच्या घरी फोन. उचलणार कोण, तर मी. एकदा मी भडकलेच. "माधव, परेशान करून सोडलंस! कोरं पान बघून माणसाने काय समजायचं?" तर हा मला शांतपणे समजावतोय, "चूक माझीच आहे ताई. मशीन सांगतंय, यादीत या नावाची एकही ओळ मिळाली नाही. तेही उत्तरच की! पण मी धरून चाललो, एक तरी मिळणारच. काही मिळालं का, हे आधी बघायला हवं होतं."

मग त्याने तिथे एक वाक्य घातलं. 'या नावाचे कोणी नाही.' मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण आपली अक्षरं दुसऱ्यांच्या मशीनवर भलतीच दिसायची.

झालं! संकठा घाटाजवळ गोदावरीबाई राहतात. त्यांच्या साताऱ्याच्या भाच्याने घरातल्या सवयीने 'गोदूमावशी' लिहून शोधलं. पान म्हणालं, कोणी नाही. आपल्यात एखादं माणूस 'नाही' म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. तिकडे बाईंच्या बहिणीने हंबरडा फोडला, डोक्यावरून पाणी घेतलं आणि सांत्वनाची तार केली. ती तार घ्यायला दार उघडलं कोणी? खुद्द गोदावरीबाईंनी! तशाच तणतणत आमच्याकडे आल्या. "मेल्या, जिवंतपणी मला मणिकर्णिकेच्या चितेवर पोचवलंस की रे!"

मी हसून लोटपोट. माधव मात्र हसला नाही. त्या एका वाक्याने त्याला झपाटलं. पानात भात गार व्हायचा आणि हा विचारायचा, "ताई, 'सापडले नाही' लिहू? पण त्यातही 'नाही' आलंच गं." मी म्हणायचे, "जेव आधी, मग लिही तुझं रामायण!" जेवणाची शुद्ध नाही, झोपेची नाही, छातीत दुखतंय ते सांगायची तर नाहीच नाही... शेवटी त्याने लिहिलं, 'हे नाव अजून आमच्याकडे आलेले नाही. दुसऱ्या नावाने शोधून पाहा, किंवा फोन करा.' मी कपाळावर हात मारला. फोन करा म्हणजे पुन्हा मीच!

काल संध्याकाळी त्याच्या खोलीत गेले. त्याच्या खुर्चीवरची उशी अजून तशीच दबलेली आहे. कॉम्प्युटर लावला, त्याची नोंद काढून टाकली. नीट निघाली का हे बघायला नाव टाइप केलं. पान म्हणालं, अजून आलेले नाही. दुसऱ्या नावाने शोधून पाहा.

मी 'मधू' टाइप केलं. आई हाक मारायची ते. मग बाबांचं 'बंड्या'. मग मी चिडवायची ते 'माकडू'सुद्धा. दर वेळी तेच! 'अजून' म्हणजे काय रे? कुठे शोधू तुला, कोणाला फोन करू? खाली नंबर तर आपल्याच घरचा घातलायस...

मग मी त्याची नोंद परत भरली. नाव, पत्ता, सगळं. चिटणीसांना कळवलंय, मला ते काम जमलं नाही.