काकांच्या एकतीस स्टेप

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या महापेच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. हातही तसेच उतावळे. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी टेस्टिंगचा सर्व्हर समजून खरा सर्व्हर बंद केला आणि निवांत कॅन्टीनमध्ये इडली खात बसलो. तेव्हा वाचवलं काकांनी. "कोनाला बोलू नको, मी बघतो," म्हणाले आणि वीस मिनिटांत सगळं उभं केलं. पुढे वर्षभर मात्र मला 'इडली' म्हणूनच हाक मारली.

काका खाडीकाठच्या गावातले. शेतं नव्या शहरासाठी गेली तेव्हा ते कंपनीत ऑपरेटर म्हणून चिकटले. उरणच्या गोदामांत कुठला कंटेनर आला, कुठला गेला, याची नोंद आमचं सॉफ्टवेअर ठेवतं. त्यात बदल झाला की तो सर्व्हरवर चढवायचं काम काकांचं. शनिवारी दुपारी एकेका सर्व्हरवर जाऊन, एका बोटाने टाइप करत, सगळं तोंडपाठ. तीन तास लागायचे. रिटायर व्हायला चार वर्षं उरली होती. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून ते रविवारी मासळी आणायलाही जायचे.

मला तेव्हा ओपन सोर्सचं खूळ लागलं होतं. अॅन्सिबल नावाचं एक फुकट मिळणारं साधन आहे. कामांची यादी नीट लिहून दिली की वीस सर्व्हरवर तीच कामं त्याच क्रमाने करतं. मी काकांना म्हटलं, "तुमची यादी द्या, तुमचा शनिवार मोकळा करतो."

"तुझ्या मशीनला अक्कल हाय का पन?"

"माझ्यापेक्षा जास्त आहे."

"मंग ठीक हाय."

चार दुपारी आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. काका सांगत होते, मी लॅपटॉपवर बडवत होतो. "इथं दोन मिनिटं थांबायचं." का? "अरे, त्याला पन दम लागतो." काहीही हातचं न राखता त्यांनी एकतीस स्टेप दिल्या.

साहेबांसमोर डेमो झाला. मी एक कमांड मारली, सहा मिनिटांत काम खलास. टाळ्या पडल्या. तिथे मी गप्प बसलो असतो तर? पण खोली हसवायची संधी मी कधी सोडलेली नाही. म्हणालो, "आता काकांना फक्त चहा प्यायचं काम उरलं!"

सगळे हसले. काका सगळ्यात मोठ्याने. साहेब हसले नाहीत. त्यांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

दोन महिन्यांनी काकांना एचआरने बोलावलं. एक फोल्डर घेऊन ते बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाय पिऊन झाली, इडली." ओळखपत्र गेटवर जमा केलं. त्यांचे लॉगिन बंद करायचं काम माझ्याकडे आलं. तेही मी अॅन्सिबलनेच केलं. वीस सर्व्हरवरून काका जायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

काकांनंतरचा पहिला बदल चढवला त्या शनिवारी, स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत असताना उरणहून फोन आला: गेटपास छापले जात नाहीयेत, ट्रेलरांची रांग रस्त्यावर आलीय. मी तासभर डोकं आपटलं. साहेब म्हणाले, "त्यांना फोन लाव. तुझं ऐकतील."

पहिल्याच रिंगला उचलला. "हां बोल. कधी येऊ? आत्ता येऊ का सोमवारी?" मागे वळून कुणाला तरी म्हणाले, "ऑफिसातून हाय, ऑफिसातून!"

हसवायची संधी मी सोडली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"नाही काका… ते गेटपासचं अडलंय. एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे टीव्ही चालू होता. कुणीतरी तो बंद केला.

"गोदामातला जुना पीसी," काका हळू म्हणाले. "आपलं मेन चालू झालं की मंग त्याला वेगळा रीस्टार्ट द्यावा लागतो. आधी दिलास तर बसतो तोंड फिरवून. मी आपला ऑफिसातनं निघता-निघता करायचो. ती काय सांगायची गोष्ट हाय, असं वाटलं मला."

"लिहून घेतलं."

"वाच बघू."

वाचलं.

"बरोबर हाय. मंग सोमवारी नको ना?"

"नको, काका."

"बरं. जेवलास का?"

हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

त्या दोन ओळी मी यादीत घातल्या. गेटपास छापू लागले, ट्रेलर हलले, साहेब म्हणाले, "गुड, आता हेही आपल्याकडे आलं." कुणी कधी काय बदललं ते नोंदवणाऱ्या गिटमध्ये त्या ओळींपुढे माझं नाव आहे.

त्यानंतर शनिवार कधी अडला नाही. काकांचा नंबर मोबाइलमध्ये आहे. दोनदा उघडून बंद केला. काम नसताना फोन केला तर उचलल्याबरोबर ते काय विचारतील, ते मला माहीत आहे.