लॉक नटाची चावी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे आपण काही लिहावं का, याचाच संकोच वाटतो. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

न्यू जर्सीतल्या त्या हिवाळ्यात मी ओळखीच्या एका काकांची गाडी मागून आणली होती. इंटरव्ह्यूच्या सकाळीच तिच्या एका चाकाची हवा गेली. चार नट सुटले. पाचवा लॉकचा होता, खास चावीनेच फिरणारा, आणि ती चावी गाडीत नव्हती. काकांचा फोन लागेना.

रूममेटने नटावर छिन्नी धरली, मी हातोडा घेतला.

"जोरात मार ना यार, कुरवाळतोस काय!"

मी चिडून सगळी ताकद लावली. हातोडा घसरून त्याच्या अंगठ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि बर्फावर रक्त सांडलं. तो ओरडत होता, आणि सांगायला लाज वाटते, मी तरीही नटावरच घाव घालत राहिलो. त्याने मला लाथ घातली, तेव्हा थांबलो.

हॉस्पिटलमध्ये त्याला टाके घालत होते, तेव्हा कुठे काकूंचा फोन आला.

"अरे, ती चावी आमच्या देव्हाऱ्यात आहे. दसऱ्याला हत्यारांबरोबर पूजेला ठेवली, ती तिथेच राहिली."