बांगडीवाल्या चाचीचं मुखपृष्ठ

लातूरला आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. गावात कुणाचा वाढदिवस आला, कुणाची निवड झाली, कुणी नुसतं नगरसेवक व्हायचं मनात आणलं, की त्याचा चेहरा आमच्या संगणकावर गोरा होतो. पुण्याहून डिझाइन शिकून आल्यावर मीही तेच करत बसले. भावी नेत्यांचे गाल गुळगुळीत करायचे, खाली शुभेच्छुकांची मुंडकी ओळीनं लावायची. हात बसला, पण जीव विटला. म्हणून मी स्वतःचं नियतकालिक काढायचं ठरवलं. पुढारी नाही, जाहिरात नाही, शुभेच्छुक तर नाहीतच. दर अंकात आपल्या भागातली एकच जागा, आणि पहिला अंक मुरुडच्या आठवडी बाजाराचा.

बाबांनी आडकाठी केली नाही, फक्त अट घातली. अंक खपला तर पुढचा काढायचा. गठ्ठे घरी परत आले तर हे खूळ सोडून मुकाट्यानं दुकानात बसायचं. मी लगेच हो म्हणाले. खात्रीच तेवढी होती.

मुखपृष्ठावर कुणाला घ्यायचं हे मी आधीच ठरवलं होतं. मुरुडच्या बाजारात बांगड्या भरणारी एक चाची आहे. आसपासच्या गावांतल्या सासूच्या आणि सुनेच्या, दोघींच्याही हातात तिनंच बांगड्या चढवलेल्या. तिचा मी सरळ समोरून फोटो काढला, काळा-पांढरा केला, भोवती बारीक काळी चौकट दिली आणि खाली एकच ओळ टाकली, ‘उभं आयुष्य बाजारात’. नांदेडच्या छापखान्यात पहिला कागद हातात आला तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. बाबांनी मात्र तो बघून कपाळाला हात लावला. काळा फोटो मेलेल्या माणसाचा असतो, एवढं फ्लेक्सवाल्याच्या पोरीला कळू नये का, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना पुण्यात शिकलेलं सगळं ऐकवलं. ते ऐकून घेऊन जेवायला गेले.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी मुखपृष्ठ व्हॉट्सॲपवर टाकलं आणि वर लिहिलं, ‘उद्या सकाळी दहा वाजता, मुरुड. सर्वांनी यावे.’

दुसऱ्या दिवशी गठ्ठे घेऊन एसटीतून उतरले, तर चाचीच्या पालाशी ही गर्दी. मी मनातून फुलले. जवळ गेले तर कुणीच बोलत नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावलेले, बाप्ये खाली बघत उभे. चाकूरहून चाचीची बहीण जीप करून आली होती, ती मोठ्यानं रडत होती. आणि मधोमध चाची एका नवरीच्या हातात हिरवा चुडा भरत बसलेली. तिचा फोन नेहमीसारखा बंद, त्यामुळे बहीण येईपर्यंत आपण गेल्याचं तिलाच कळलं नव्हतं.

गठ्ठे परत जाणार हे तर दिसतच होतं, पण त्याहून चाचीला तोंड कसं दाखवायचं ते कळेना. तिनं नवरीचा हात पुरा केला, मग मला समोर बसवून अंक मागून घेतला. बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली. हे काळं कशापायी केलं, असं तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. रंगात छापलं असतं तर लोकांनी बांगड्या बघितल्या असत्या. मला लोकांनी तुम्हाला बघायला हवं होतं.

चाची उठून उभी राहिली. बहिणीला म्हणाली, “मेलेली बघाया आलती ना, आता जित्तीला बघ.” मग अंक वर धरून सगळ्यांना म्हणाली, “मरायची खबर उठली की उमर वाढते. माझी वाढली. आता एकेक घ्या. मातीला आलेलं मानूस रिकामं जात न्हाई.”

पहिलं हसू बहिणीलाच फुटलं, डोळे पुसता पुसता. मग सगळा बाजार हसला. मातीला आलेली माणसं अंक घेऊन गेली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही नेला, घरी दाखवायला. मिरचीवाले मामा दोनदा येऊन बजावून गेले की पुढच्या अंकावर त्यांना घ्यायचं, पण रंगीत बिलकुल नको, काळंच पाहिजे, वय झालंय. ऊन चढायच्या आत गठ्ठ्यांच्या नुसत्या सुतळ्या उरल्या. परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते आणि कंडक्टर माझ्याकडे बघत होता. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

दुकानात शिरले तेव्हा बाबा एका भावी सरपंचाचा फ्लेक्स गुंडाळत होते. माझे रिकामे हात बघून त्यांनी काम थांबवलं.

“एक बी उरला न्हाई?”

“न्हाई.”

“मला बी न्हाई ठेवलास?”

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. बाबांनी फोन काढून नांदेडच्या छापखान्याला लावला आणि आणखी अंक छापायला सांगितले. पलीकडून त्यांना विचारलं असावं, या वेळी मुखपृष्ठ रंगीत करायचं का म्हणून.

“न्हाई,” बाबा म्हणाले, “काळंच. पोरीनं ठरवलंय.”