सारवणाखालचं औषध

डीडीटी फवारलेल्या भिंतींवर शेणामातीने सारवायला ठाण्याजवळच्या बाळकुमच्या बायकांना मीच सांगितलं. दुसऱ्या कोणी नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. हिवतापाच्या फवारणीची एक टोळी माझ्या हाताखाली होती. फवारा वाळला की भिंतीवर पांढुरके डाग राहत. रक्त पिऊन टम्म झालेला डास तिथे टेकला की मरे. म्हणजे सगळी करामत त्या डागांत होती. हे शिकवलं तेव्हा मी बहुधा बाहेर चहा पीत होतो.

दिवाळीच्या तोंडावर मिठागरात राबणाऱ्या एकाची बायको दारात आडवी उभी राहिली. तुळशीचं लग्न झालं की तिच्या पोरीचं लग्न होतं.

"लग्नाचा घर हाय. भिती खराब नाय करायच्या."

"मावशी, फवारू द्या. वाळलं की वरून सारवा," मी म्हणालो. युक्ती इतकी चालली की गल्लीभर तेच सांगत सुटलो.

महिन्याभरात गल्लीला हुडहुडी भरली. नवरी मुलगी गोधड्यांखाली दात वाजवत पडली. मुलाकडून निरोप आला, रविवारपर्यंत उठली तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरी बघतो.

आमचे साहेब ठाण्याहून जीपने आले. नखाने भिंत खरवडली, सारवणाखालचा पांढरा थर पाहिला आणि उंबऱ्यातच म्हणाले, "लिहा. अडाणी बायकांनी औषध बुजवलं."

मी लिहिलं. वळणदार अक्षरात.

पुढे मोठमोठ्या विद्वानांनीही तेच लिहिलं, औषध हरलं ते गावठी सवयींमुळे. वाचलं की अजून डोकं फिरतं. दिवाळीआधी घर सारवतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फवारणी नेमकी तेव्हाच ठेवणारा मात्र शहाणा, आणि त्याच्या हाताखालचा मी तर दीडशहाणा. त्या बायकांना आधी एक शब्द विचारला असता तर कोणाच्या बापाचं काय जात होतं?

जीप गेल्यावर मी मावशींपुढे भडाभडा बोललो. साहेबाला शिव्या, खात्याला शिव्या, शेवटी स्वतःला.

ती पोरीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. वर न बघताच म्हणाली, "ठान्याशी तापाच्या गोल्या आनल्यास का? नाय ना? मंग बोंबलतंस कनाला?"