वेलांटी

भोईरबाई हजेरी घेण्याआधी वर्गाला विचारायच्या, "आज येताना काय बघितलं?" राहनाळहून येणारी मुलं काय बघणार? गोदामं आणि ट्रक. तरी त्यात दहा मिनिटं जायची. मी मुख्याध्यापक, घड्याळ बघत दाराशी उभा राहायचो. शिक्षणाची एवढी कळकळ मला होती.

चौथीतली सुगंधा 'कमळ'चं 'मकळ' वाचायची. तिच्या प्रगतिपुस्तकात मी लाल शाईने लिहिलं, 'मठ्ठ'. एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई चिडल्या की गावच्या बोलीवर येत. "सर, तिला अक्षरं फसवतात. वस्तू न्हाय फसवत."

एकदा नव्या पुस्तकांचे गठ्ठे खोलीत मावेनात. शिपायाने दोनदा रचले, दार लागेना. बाईंनी सुगंधाला बोलावलं. ती बराच वेळ नुसती बघत राहिली, मग कुठला गठ्ठा कुठे ते बोटाने दाखवत गेली. दार लागलं, शिवाय एका खुर्चीची जागा उरली.

"बाई, हमाली शिकवताय का पोरीला?" मी म्हणालो. शिपाई हसला.

"जागा तिला दिसली, सर. तुम्हाला दिसली न्हाय."

बाईंची बढती त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालावर अवलंबून होती. मी लिहिलं, 'अध्यापनात निष्काळजि'. असा शेरा दाखवून सही घ्यावी लागते. बाईंनी वाचला, सही केली आणि म्हणाल्या, "सर, 'निष्काळजी'ची वेलांटी दीर्घ हवी. वर साहेब वाचतील, तुमचं हसं नको." मी आभार मानले, वेलांटी दीर्घ केली, अहवाल पाठवला. बढती गेली.

पुढे माझी नातही 'मकळ' वाचू लागली. डॉक्टर म्हणाले, हा डिस्लेक्सिया, बुद्धीत काही उणं नाही. घरात कुणी तिला मठ्ठ म्हटलं नाही. तो शब्द बहुधा राहनाळच्या पोरींसाठी राखीव होता. तिला घेऊन मी निवृत्त बाईंच्या दारी गेलो. माफी मागायला तोंड उघडलं, तोवर बाईंनी नातीला जवळ ओढलं होतं. "येताना काय बघितलंस गं?" जी पोर घरात चार शब्द बोलत नव्हती, ती तासभर बोलली. माझी माफी राहूनच गेली.

मागच्या महिन्यात बाई वारल्या. दहाव्याला सुगंधा भेटली. पूर्णा गावच्या गोदामात कुठला माल कुठे लावायचा ते ती ठरवते. वाकून नमस्कार करत म्हणाली, "सर, वाचाया अजून त्रासच होतो हां," जणू चूक तिचीच.

वेलांटी मी तेव्हाच सुधारली होती. शेरा आज सुधारतो: भोईरबाईंना मुलं वाचता येत होती. मला न्हाय.